भाग सातवा : गाडी येत नाही

डोंगर द्राक्षांच्या थर्माकोलचे आहेत.
पिंपळगावच्या पॅकहाउसमागे फुटके खोके पडून असतात,
बेंजामिन रणनवरे मार्चअखेरीस स्कूटरला बांधून आणतो.
ब्रेडच्या सुरीनं कापायचे, गेरू लावायचा, वर वाळलेली चहापत्ती,
की जेल रोडच्या माझ्या गच्चीवरच्या खोलीत
सह्याद्री उभा. साडेतीन फूट.
नाक जवळ नेलं तर अजून थॉमसनचा वास येतो.

खडी म्हणजे एकलहऱ्याची राख, फेविकॉलमध्ये कालवून.
इंजिन एकच. डबे पाच,
सगळे एकाच बाजूनं रंगवलेले,
म्हणून आमची गाडी परत येताना कधी दिसत नाही.

सहा भाग झाले.
पहिल्यात कॅमेरा हलतो. आम्ही नाही हलवला,
देवळालीला तोफांचा सराव चालू होता,
आधी खिडकीच्या काचा, मग टेबल, मग स्टेशन.
रणनवरे म्हणाला, असू दे,
बोगद्यात सुरुंग लावतायत असं धरू.
तिसऱ्यात बोगद्यावर माझा हात येतो,
नखात गेरू, लग्नातली अंगठी.
तोही राहिला.
पाचव्यात खरीच गाडी शिट्टी देते, नाशिकरोडहून सुटलेली,
आमच्या इंजिनानं निमूट ऐकून घेतलं.

स्टेशनचं नाव उंबरदरी. मास्तर एक इंचाचा, एम-सीलचा.
एका सोमवारी तो माझ्या शर्टाच्या खिशात राहून गेला.

मी नोटांच्या छापखान्यात.
दिवसभर आकडे तपासायचे, त्यातला एकही आपला नाही,
आणि सुटताना झडती : डबा, बूट, पट्टा, कॉलरची शिवण.
तिर्की नावाच्या जवानानं मास्तरला दोन बोटांत धरून
उजेडात फिरवलं.
"ये कौन है?"
"स्टेशन मास्तर."
"कहाँ का?"
"उंबरदरी."
मागे रांग तुंबली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं,
काय ते मला आजवर कळलेलं नाही,
आणि मास्तर सोडून दिला.
तेव्हापासून रोज गेटवर, "मास्टरजी ठीक?"
"ठीक."

मग मोटर जळाली.
ट्रॅक्शनच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला रणनवरे,
शंभर टनांचं धूड उचलून त्याच्या पोटातून मोटर काढणारा माणूस,
चष्म्यावर भिंग धरून बसला
आणि पहाटे म्हणाला,
एवढ्या लहानाचं काही करता येत नाही रे.

नवीन यायला पाच आठवडे.
तर सातव्या भागात गाडी येत नाही.
एवढंच. अकरा मिनिटं.
टेबललॅम्प सरकवत दुपार केली,
बटर पेपर लावून संध्याकाळ.
फलाटावर चार प्रवासी, त्यातली एक बाई
तिसऱ्या मिनिटाला डिंक सुटून कलंडली,
तिला डुलकी लागली असं धरलं.
दहाव्या मिनिटाला बाहेरून, खऱ्या रुळांवरून,
कोळशाची मालगाडी गेली,
वाघिणीमागून वाघीण, संपेचना,
पडद्यावर काहीच नाही.
मास्तर तेवढा किंचित थरथरतो.

तिर्कीची ड्यूटी सुटल्यावर चहाच्या टपरीवर
त्याला फोनवर दाखवला.
अकरा मिनिटं ग्लास हातात तसाच, साय धरलेली.
मला वाटलं, गाडी कुठाय म्हणून विचारेल.
म्हणाला, "बत्ती नहीं है.
मास्टरजी के हाथ में बत्ती चाहिए. हरी.
गाड़ी न आए तो भी."

काडीच्या टोकाला मोहरीचा दाणा चिकटवला,
त्यावर मुलीची हिरवी नेलपॉलिश.
रणनवरे भडकला :
लाइन मोकळी नाही, गाडीचा पत्ता नाही,
हिरवा कसा? लाल पाहिजे. नियम आहे.
मी म्हटलं, उंबरदरीला कसला नियम.
तो म्हणाला, तिथंच तर पाहिजे.

आज चौथा दिवस, बोलत नाहीये माझ्याशी.
खाली स्कूटर लावून वर येतो,
डोंगरावरची धूळ ब्रशनं झाडतो, जातो.
दाणा अजून हाताला चिकटतोय.